नऊ अर्जांचा सूचक

निवडणुकीचा अर्ज भरायचा तर उमेदवाराला सूचक लागतो. हा माणूस उभा राहावा असं मला वाटतं, असं सही करून सांगणारा, त्याच भागाच्या मतदारयादीतला कुणीही मतदार. लोक उमेदवाराचं नाव बघतात, चिन्ह बघतात. सूचक कोण होता हे कुणी विचारत नाही. ओंकारभाऊंचा सूचक मात्र सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. भाऊ ग्रामपंचायत एकदा जिंकले, पंचायत समिती एकदा, जिल्हा परिषद दोनदा, आमदारकी तीनदा आणि खासदारकी दोनदा. एकूण नऊ निवडणुका. या नऊही अर्जांवर सूचक म्हणून एकाच माणसाची सही होती. रुपसिंग पावरा, राहणार उंबरपाट.

उंबरपाट हा सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा, चाळीस-पंचेचाळीस घरांचा. पाड्यातले लोक पावसाळ्यात आपापली ज्वारी-तूर करतात आणि बाकीचं वर्ष खालच्या गावांत केळीच्या बागांमधून आणि पॅकिंग शेडमधून राबतात. त्यातल्या निम्म्या बागा आणि दोन शेड भाऊंच्या घरच्या.

यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. तिथला गट आदिवासी स्त्रीसाठी राखीव झाला, आणि रुपसिंगच्या लेकीनं, ललितानं, अपक्ष उभं राहायचं ठरवलं. अर्ज भरायला दोन दिवस उरले होते. सगळे कागद तयार होते. फक्त सूचकाची जागा कोरी होती. सात घरं फिरून झाली तरी कुणी सही द्यायला तयार नव्हतं. आणि ज्याच्या सहीचा तालुक्यात एवढा बोलबाला, तो तिचा बाप ओसरीवर बसून दोरी वळत होता. ती त्याला विचारत नव्हती, आणि तो आपणहून बोलत नव्हता.

असं का, हे कळायला सुरुवातीपासून सांगावं लागेल.

पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांपूर्वी ओंकारभाऊ अठ्ठावीस वर्षांचे होते आणि पहिल्यांदाच ग्रामपंचायतीला उभे राहत होते. त्यांच्या वॉर्डात उंबरपाट येत होता, म्हणून सूचक पाड्यातला असावा असं त्यांच्या मनात आलं. रुपसिंग तेव्हा बावीस वर्षांचा, त्यांच्याच बागेत केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशेजारी फुटणारे कोंब, कापायला होता. भाऊ अर्ज घेऊन सरळ बागेत आले. रुपसिंगला अक्षरओळख नव्हती, अंगठाच द्यायचा होता, आणि शाईचा डबा घरी राहिला होता.

"शाई कशाला पाहिजे?" भाऊ म्हणाले. "केळीचा चीक आहे की. कपड्याला लागला तर धोब्याच्या बापाला निघत नाही."

रुपसिंगनं नुकत्या कापलेल्या बुंध्यावर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. ठसा फिकट पाण्यासारखा आला. तीन दिवसांनी छाननी झाली तोवर चीक काळा पडून पसरला होता आणि अर्जावर चिंचोक्याएवढा डाग बसला होता. अधिकाऱ्यानं चष्मा वर केला. "हा अंगठा आहे की काय सांडलंय? आणि घेतला कुणासमोर? अंगठा असेल तर तो माझ्यासमोर उठवायचा असतो." अर्ज बाद झाला.

बाहेर आल्यावर रुपसिंग मान खाली घालून उभा राहिला. "मना अंगठामुये तुमना अर्ज बाद व्हयना, भाऊ."

भाऊ रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते रागावले नाहीत. हे त्यांचं मोठेपण रुपसिंग आजही सांगतो. ते एवढंच म्हणाले, "नाव लिहायला शीक. पाच वर्षं आहेत आपल्याकडे."

घरी नवी नवरी जमना होती. आश्रमशाळेत दुसरीपर्यंत गेलेली. ती म्हणाली, "पाच वर्षं? एवढा दिनमा म्हैस बी शिकी जाई."

म्हैस काय शिकली असती ते माहीत नाही. रुपसिंगला दीड वर्ष लागलं. पाटी नव्हती. जमना सकाळी केळीच्या पानावर बाभळीच्या काट्यानं त्याचं नाव ओढून द्यायची, तो दुपारच्या सुट्टीत दुसऱ्या पानावर ते गिरवायचा. काट्याची रेघ ओढताना नीट दिसत नाही, घटकाभरानं काळी पडून वर येते. त्यामुळे आपण काय चुकलो हे त्याला लिहिताना कळायचंच नाही. संध्याकाळी जमना पान हातात घेऊन हसायची. "आज तुमना नावमा पोट नही." पोट म्हणजे प. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लिहायचा. दिवसभर पिलं कापून बोटं आखडलेली असायची, पण एकही दिवस त्यानं खाडा केला नाही. आपल्यामुळे एका माणसाची पाच वर्षं गेली, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

पाच वर्षांनी त्यानं अर्जावर पहिली सही केली. अक्षरं बोराएवढाली, ओळ सोडून खाली उतरलेली. भाऊ चौदा मतांनी निवडून आले आणि सरपंच झाले. पुढच्या निवडणुकीला त्यांनी सूचक म्हणून पुन्हा रुपसिंगलाच बोलावलं, मग पुन्हा. तहसील कचेरीपासून सुरू झालेली ती सही जळगावला जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत गेली. मधे एका विधानसभेला रुपसिंग टायफॉईडनं जळगावच्या दवाखान्यात पडून होता. दुसऱ्याच कुणाची सही घेतली आणि भाऊ अकराशे मतांनी पडले. तेव्हापासून भाऊंच्या घरात रुपसिंगची सही म्हणजे शकुन झाला. अर्ज भरायच्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी गाडी यायची. जळगावात मेहरूणच्या तळ्याजवळ भाऊंच्या बंगल्यावर त्याला पहिल्या पंगतीत जेवायला बसवायचे. पेपरात फोटो यायचा. भाऊ अधिकाऱ्यांना अर्ज देताहेत, आजूबाजूला सात-आठ पुढारी, आणि कडेला रुपसिंगचं कोपर.

जमना म्हणायची, "चाळीस वरीस व्हयनात. कोपरना पुढे काही तुम्ही सरकनात नही."

रुपसिंगला त्याचं काही वाटायचं नाही. भाऊंनी त्याला दवाखान्यात पैशांची झळ लागू दिली नव्हती, घरकुल मिळवून दिलं होतं, ललिताला धुळ्याला कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली होती. हे तो विसरणारा माणूस नव्हता.

ललिता धुळ्याहून परत आली ती अर्ज लिहिण्यात तरबेज होऊन. पाड्यातले लोक जंगलाच्या कडेची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत होते, पण ती कुणाच्या नावावर नव्हती. वनहक्काचा कायदा आला तेव्हा तिनं एक्केचाळीस घरांचे दावे भरले. त्यातले बत्तीस पुराव्याअभावी नामंजूर झाले. ती पुरावे गोळा करून अपील घेऊन गेली, पुन्हा गेली. दर वेळी भाऊ म्हणायचे, "बघतो." ते खोटं बोलायचे असं नाही. बघायचेही. पण त्यांच्या बघण्याला मोठा जिल्हा होता आणि उंबरपाट जिल्ह्याच्या अगदी टोकाला होता. आपणच जिल्हा परिषदेच्या सभागृहात जाऊन बसल्याशिवाय हे कागद हलायचे नाहीत, असं ललिताच्या मनानं घेतलं.

भाऊंच्या पक्षानं मात्र पुष्पाबाईला तिकीट दिलं. पुष्पाबाईही आदिवासीच, भाऊंच्या शेडवरच्या मुकादमाची बायको. बाई गरीब स्वभावाची. तिला तिकीट मिळाल्याचं तिलाच दुसऱ्या दिवशी कळलं म्हणतात.

म्हणून ललिताला सूचक मिळेना. सात घरांपैकी शेवटचं घर तिच्या सख्ख्या मामाचं, सुकदेवचं. तो म्हणाला, "भाची, मत तुलेच दिसू. देवनी आन. पन सही नको मांगू. मत झाकेल ऱ्हास, सही उघडी ऱ्हास. उद्या शेडवर माले कोन उभं करी?"

ती त्याच्याशी भांडली नाही. त्याची दोन पोरं शेडवरच कामाला होती.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊंचा सहायक चंदन गाडी घेऊन पाड्यावर आला. ओसरीवर बसून त्यानं चहा घेतला. "आबा, उद्या अकराला गाडी येईल. पुष्पाबाईंच्या अर्जावर तुमची सही. भाऊ म्हणाले, शकुन मोडायचा नाही." मग आतल्या बाजूला बघत आवाज थोडा खाली आणून तो म्हणाला, "आणि एक लक्षात असू द्या. जागा एक, तर सूचकाला सहीही एकाच अर्जावर करता येते. दोन्हीकडे गोडी ठेवायला गेलात तर एक अर्ज उडेल."

रुपसिंगनं कपबशी उचलून आत नेली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. चंदननं त्याचा अर्थ हो असा घेतला.

संध्याकाळी बापलेक जेवायला बसले. जमनानं भाकरी थापता थापता दोघांकडे बघितलं. "दोन्हीजन मुका व्हयनात का? घरमा सूचक बशेल शे आनि पोर गावभर हिंडी ऱ्हायनी."

"तिनी माले ईचारंच नही," रुपसिंग म्हणाला.

"कशी ईचारू, बाबा?" ललिता म्हणाली. "तुमनी सही भाऊनी शे. बठ्ठा तालुकाले माहीत शे."

रुपसिंगचा घास हातात राहिला. "सही भाऊनी कशी व्हई?" तो हळू म्हणाला. "शिकाडी तुनी मायनी."

जमना चुलीकडे तोंड करून बसली. ललितानं उठून फडताळावरचा अर्ज आणला, पेन आणलं. रुपसिंगनं हात धुतले, पण पेन घेतलं नाही. "सकाय भाऊले सांगसू. मंग करसू."

"बाबा! तीन वाजता दार बंद व्हस. आधी सही करा, मंग सांगा ना."

"का बरं? चोरी शे का?"

त्यापुढे त्यानं काही ऐकलं नाही. ललिताला धास्ती पडली. बाबा एकदा भाऊंच्या अंगणात गेले की काय होतं हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. भाऊ खांद्यावर हात ठेवायचे, आणि बाबा घरून काय सांगायला निघाले होते ते विसरून परत यायचे.

सकाळी गाडीची वाट न बघता रुपसिंग पहिल्या एसटीनं भाऊंच्या गावी गेला. खासदार असले तरी निवडणुकीच्या दिवसांत भाऊ गावच्या घरीच मुक्कामाला असत. ओसरीत माणसांची गर्दी होती. सावद्याचे दोन केळीचे व्यापारी बसले होते. भाऊंनी त्याला लांबूनच पाहिलं. "अरे रुपसिंग! गाडी पाठवतच होतो की. ये, बैस. चहा आणा रे."

रुपसिंग बसला नाही. बसलो तर उठता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. "भाऊ, यंदा मनी सही ललिताना अर्जवर शे."

भाऊंनी व्यापाऱ्यांकडे बघितलं, मग हसून म्हणाले, "लेकीचा हट्ट आहे होय? मी बोलतो तिच्याशी."

"हट्ट तिना नही. मना शे."

भाऊ उठून जवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय कमी केलं रे मी तुला?"

"काहीच नही. दवाखाना कया, घरकुल दिधं, पोरले शिकाडं. मी कोनले बी सांगस."

"मग?"

एवढं लांब वाक्य रुपसिंग भाऊंसमोर कधी बोलला नव्हता. एसटीत बसल्यापासून त्याची जुळवाजुळव चालली होती. "पुष्पाबाई निवडी उनी त तुम्ही सांगशात तठे सही करी. ललिता निवडी उनी त वाचीसन करी."

मागे कुणीतरी खोकलं. भाऊंचा हात खांद्यावरून खाली आला. "आणि निवडून येईल का ती? तेवढी ताकद आहे तुझी?"

"ते माले माहीत नही, भाऊ. मी जोतिषी नही, सूचक शे."

एक व्यापारी फसकन हसला आणि भाऊंकडे बघून गप्प झाला. भाऊ जागेवर जाऊन बसले. त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. मग ते म्हणाले, "जा. पण छाननीला माझा वकील असेल. तो त्याचं काम करेल, मग मला बोल लावू नकोस."

"करू द्या," रुपसिंग म्हणाला, आणि चहा न घेताच निघाला.

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात ललिता बारा वाजल्यापासून उभी होती. बाबा सव्वा वाजता दिसले तसा तिनं अर्ज पुढे केला. त्यानं भिंतीला टेकून, गुडघ्यावर वही ठेवून सही केली. हात थरथरत होता. गेली दोन-तीन वर्षं तो थरथरतच असे. दोन वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी छाननी होती. निवडणूक अधिकारी बाई धुळ्याहून बदलून आलेल्या, कमी बोलणाऱ्या. पुष्पाबाईचा अर्ज दोन मिनिटांत वैध ठरला. तिला सूचक शेडवरचा माणूस मिळाला होता. ललिताचं नाव पुकारताच भाऊंचा वकील उभा राहिला.

"हरकत आहे, मॅडम. अर्जावरची सूचकाची सही बनावट आहे."

ललिता ताडकन उठली. रुपसिंगनं तिच्या हाताला धरून तिला खाली बसवलं.

वकिलाच्या मागे चंदन उभा होता. भाऊंच्या वाटचालीचं पुस्तक काढायचं म्हणून त्यानं नऊही अर्जांच्या प्रती मिळवून प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवल्या होत्या. ती फाईल त्यानं टेबलावर ठेवली. वकिलानं सगळ्यात वरची प्रत काढली. "ही रुपसिंग पावरा यांची गेल्या लोकसभेची सही. आणि ही कालची. आपणच बघा. अक्षर तुटक आहे, वळण वेगळं आहे, शेवटचं अक्षर ओळीच्या बाहेर गेलंय. घरातल्याच कुणीतरी केलेली दिसते."

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. खरंच, सह्या जुळत नव्हत्या. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "बाबा, इथे सही करा."

रुपसिंगनं पेन हातात घेतलं. खोलीत तीस माणसं त्याच्या हाताकडे बघत होती. पेन थरथरायला लागलं तसं त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि एकेक अक्षर काढलं. झाली ती सही लोकसभेच्या सहीशीही जुळेना आणि कालच्या सहीशीही पुरती जुळेना.

"बघा!" वकील म्हणाला.

रुपसिंगनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, मी सोता आठे उभा शे. सहीले काय ईचारी ऱ्हायनात? माले ईचारा."

बाईंनी वर बघितलं. "तुम्हीच केली कालची सही?"

"मीच कयी. व्हरांडामा, गुडघावर वही ठीसन."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नही. घरमा ती माले ईचारत बी नव्हती."

मागे एक-दोघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चंदनची फाईल स्वतःकडे ओढली आणि एकामागून एक प्रती उलटत नऊही सह्या बघितल्या. पहिली बोराएवढ्या अक्षरांची. पंचायत समितीची जरा सरळ. जिल्हा परिषदेच्या दोन, त्यातल्या एकीच्या वेळी कोयता लागून बोटाला पट्टी होती, ती अक्षरं डावीकडे कललेली. आमदारकीच्या तिन्ही ठसठशीत. खासदारकीच्या दोन, त्यातली दुसरी बारीक आणि कापरी.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही आणलेल्या या नऊ सह्या एकमेकींशी तरी कुठे जुळतात? सही जुळत नाही म्हणून मी हा अर्ज बाद केला, तर या फाईलमधल्या अर्जांचं काय म्हणायचं?"

चंदननं फाईल उचलण्यासाठी हात पुढे केला.

"राहू द्या. हरकत तुमची आहे ना? मग हा तुमचाच पुरावा. लेखी नोंदवू?"

चंदननं बाहेर जाऊन फोन लावला. दारातून त्याचं नुसतं "हो भाऊ, हो भाऊ" ऐकू येत होतं. परत येऊन तो वकिलाच्या कानात काहीतरी बोलला. वकिलानं कोटाची बटणं लावली. "हरकत मागे घेतो."

"सूचक समक्ष हजर आहेत, सही मान्य करताहेत. अर्ज वैध," बाई म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारायला त्यांनी कारकुनाकडे बघितलं.

बाहेर पायऱ्यांवर चंदननं दोघांना गाठलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज तोच होता. "आबा, झालं ते झालं. भाऊंच्या मनात काही नाही. अर्ज मागे घ्यायला अजून मुदत आहे. पोरीला समजवा. तेवढा एक कागद भरून द्या, मी गाडी पाठवतो."

"त्या कागदवर सूचकनी सही लागस का?" रुपसिंगनं विचारलं.

"नाही. उमेदवाराचीच."

"मंग माले काय ईचारस, भो? जिनी लागस तिले ईचार."

चंदननं ललिताकडे बघितलं. ती नोटीस बोर्डासमोर उभी होती. अपक्षांना मिळू शकणाऱ्या चिन्हांची यादी तिथे लावली होती, आणि ती हातातल्या वहीत त्यांतली तीन चिन्हं पसंतीच्या क्रमानं उतरवून घेत होती.